प्रश्न चौथा

एकतीस पेपर, आणि वीज साडेसातलाच गेली.
ताबा-त्सेकाच्या थंडीत लाल शाई घट्ट होते,
पेन काखेत धरून ऊब द्यावी लागते.
पुढच्या जानेवारीत ही मुलं शिक्षक होणार,
समाजशास्त्र, पाचवी ते सातवी,
आणि यांतल्या एकोणीस जणांनी
नदी डोंगरावर चढवली आहे.

समोच्च रेषा बाणाच्या टोकासारख्या मुडपल्या
की टोक उगमाकडे —
हे मी इतक्यांदा काढलं की फळ्याला पाठ झालं असेल.
पण नदी म्हणजे निळी रेघ,
आणि रेघेला कुठे उतार असतो.

मोलेफीला प्रमाण तोंडपाठ:
एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर.
शाळेपासून विहीर किती लांब?
'साडेचार सेंटिमीटर', त्याने लिहिलं आणि थांबला,
जणू पाणी तेवढ्याच अंतरावरून आणायचं होतं.

केनेउएने नकाशा उलटा धरला असावा.
तिची सगळी उत्तरं बरोबर आहेत, फक्त
दक्षिणेच्या जागी उत्तर.

मग प्रश्न चौथा.
चर्चच्या दारातून माकोआच्या दुकानाचं छप्पर दिसेल का?
समोच्च रेषांच्या आधारे कारण द्या. पाच गुण.
माझं उत्तर तयार आहे, मीच लिहिलेलं:
नाही. मध्ये डोंगराची सोंड आडवी येते,
उंची दोन हजार तीनशे चाळीस मीटर.

रेलेबोहिले लिहिते:
छप्पर दिसत नाही. धूर दिसतो.
सरळ वर गेला तर दुपारपर्यंत हवा चांगली.
सोंडेवरून लोळत आला तर
घोडे आत घ्या, बर्फ येतो आहे.
धूर नसला तर
म्हातारी आजारी आहे, कुणीतरी जा.

मी शून्य लिहिलं.
शून्याचा शेवट जोडायचा राहिला, पेनच थांबलं.

मागच्या मे महिन्यातला शनिवार.
मी पुढे, हातात होकायंत्र, मागे एकतीस घोंगड्या.
सुई खऱ्या उत्तरेपासून चोवीस अंश पश्चिमेला कलते, इथे ती कलतेच;
वर्गात मी ते दोनदा सांगितलं होतं
आणि डोंगरावर विसरले.
तीन तास चाललो. घळी आल्या, ज्या नकाशात नव्हत्या.
मक्याचं एक शेत नकाशात होतं, तिथे नुसती दरड.
शेवटी एका धनगर पोराच्या कुत्र्यांनी आम्हाला अडवलं
तेव्हा रेलेबोहिले हळूच म्हणाली,
"म्मे, बस उजव्या हाताला राहिली."
कधीपासून माहीत होतं तुला?
"पहिल्या ओढ्यापासून."
मग बोलली का नाहीस?
"तुम्ही नकाशा बघत होतात."

हे वाक्य मला अजून बोचतं,
बुटातल्या खड्यासारखं.

पण ऐक गं मुली, तुझा धूर तुझ्या डोंगरापुरता.
जानेवारीत तुझी बदली कुठे होईल कुणास ठाऊक,
तिथल्या चुलींशी तुझी ओळख नसेल.
तुझ्यासमोर साठ मुलं बसतील, त्यांतली काही
उद्या खाणीत जातील, काही बंदरावर,
अनोळखी गावात रात्री उतरतील
आणि हातात असेल फक्त कागद.
त्यांना सोंड वाचता यायला हवी,
न पाहिलेली सोंड.
आणि शिक्षक चुकला, तर
पहिल्याच ओढ्यापाशी ओरडता यायला हवं.
त्याचा प्रश्न मी कुठल्या पेपरात घालू?

अर्धवट शून्याला मी वळवून तीन केलं.
ओढूनताणून झालेलं तीन, कुणालाही कळेल.
समासात लिहिलं: रेषांतूनही सांग.
मग पुन्हा: आणि मोठ्याने.

मेणबत्ती बोटभर उरली. पुढचा पेपर सेखोबेचा.
याचीही नदी वर निघालेली,
पण बाण खोडला आहे, फिरवला आहे,
परत खोडला आहे, इतका
की तिथे कागदाला भोक पडलंय.
त्यातून खालचा पेपर दिसतो.